भोईरबाईंच्या सोळा तारा

गेल्या महिन्यात भोईरबाई गेल्या. कंपनीच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. भोवती फुलांची चौकट आणि खाली मजकूर, ‘आपल्या कंपनीची मायेची सावली हरपली.’ त्याखाली जोडलेल्या हातांची ही भलीमोठी रांग. साहेबांनीसुद्धा हात जोडले होते. मी फोन पलंगावर आपटला. बायको आतून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, खोटारडे आहेत सगळे."

मायेची सावली म्हणे! ज्या बाईनं माझ्यादेखत विक्री विभागाच्या मोठ्या अधिकाऱ्याला "तुमी दोन मिन्टं तोंड बंद ठेवा, तवर माजा मोजून होईल" असं सुनावलं, ती बाई मायेची सावली? माया त्यांच्यापाशी असेल, घरी असेल, कंपनीत त्यांनी ती कधी आणली नाही. कंपनीत त्या भांडायलाच येत. आणि भांडण कायम एकाच गोष्टीवरून असे, तू हे मोजलंस की नुसतं मानलंस?

आमची कंपनी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर आहे. थंड कंटेनरमध्ये, ज्यांना बंदरात रीफर म्हणतात, आतलं तापमान सतत बघावं लागतं. ते मोजून बाहेरच्या स्क्रीनवर दाखवणारा बोर्ड आम्ही बनवतो. मंजुळा भोईर तिथं टेस्टिंगच्या प्रमुख होत्या. डिप्लोमा केलेला, पन्नाशी उलटलेली, बुटकी, काळीसावळी बाई. उरणजवळच्या आगरी घरातली. वडील मिठागरात राबले, आई राबली, शाळेच्या सुट्टीत ह्यासुद्धा राबल्या. मीटिंगमध्ये अगदी पुस्तकी मराठी बोलत. राग आला की गावची भाषा सुरू व्हायची. मला त्यांची पुस्तकी मराठी फारशी आठवत नाही, यावरून काय ते समजा.

दुपारी सव्वाबाराला त्या लॅबमध्येच डबा उघडत. तांदळाची भाकरी आणि सुकट. वासावरून एकदा एच.आर.चा मेल आला, ‘कर्मचाऱ्यांनी उग्र वासाचे पदार्थ कार्यस्थळी टाळावेत.’ बाईंनी त्या मेलचा कागद काढला, त्यावर भाकरी ठेवली आणि जेवल्या. मग तोच कागद घडी करून एच.आर.च्या टेबलावर ठेवून आल्या. पुन्हा मेल आला नाही.

आणखी एक खोड. सिग्नल बघायच्या यंत्राला, म्हणजे स्कोपला, जो प्रोब असतो त्याला एक लांब काळी वायर येते, चिमटा लावलेली. जमिनीला, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडला लावायची. सोयीची असते. बाई नवा प्रोब आला की पहिल्यांदा ती वायर कटरनं कापत आणि तिच्या जागी अर्ध्या बोटाएवढी स्प्रिंग बसवत. "ही शेपटी जवर हाय तवर तुला सिग्नल न्हाय दिसत, शेपटीच दिसते," म्हणत. स्टोअरवाला दर वेळी बोंब मारायचा. बाई दर वेळी कापायच्या.

मी पालीचा. इंजिनीअरिंग करून नवाकोरा आलो होतो, सिम्युलेशनचं काम मला दिलेलं. बोर्ड बनवण्याआधी कॉम्प्युटरवर बघायचं की तारांमधून सिग्नल नीट जातोय का. पहिल्याच आठवड्यात मी एक ग्राफ काढला. काय ग्राफ होता! सिग्नल सरळ वर, सरळ खाली, कुठे थरथर नाही. मी कौतुकानं बाईंना बोलावलं. त्या चष्मा पुसत आल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "किती तारा चालवल्यास?"

"एक, मॅडम."

"बोर्डावर किती हायत?"

"सोळा. पण सगळ्या सारख्याच आहेत ना."

त्यांनी हात पुढे केला आणि माझा मॉनिटरच बंद केला. मला वाटलं आता नोकरीच जाते.

"ऐक, पालीवाल्या," म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. त्या बसल्या म्हणजे प्रकरण गंभीर, कारण एरवी त्या उभ्याच असत. "चिपच्या पोटात शेवटी एक बफर असतो. तो तारेवर सिग्नल ढकलतो. तो कसा बनवलाय ते चिपवाली कंपनी तुला सांगंल? न्हाय सांगनार. तिचं गुपित हाय ते. मंग ती काय देते? त्याची वागनूक लिवून देते. एवढा व्होल्टेज आला तर एवढा करंट, एवढ्या वेलात वर, एवढ्या वेलात खाली. तक्ता. ह्योच तुजा मॉडेल. खरा का खोटा?"

"खरं, मॅडम."

"म्हंजे लग्नाचा बायोडाटा. उंची हाय, रंग हाय, शिक्षान हाय. सगलं खरं हाय त्याच्यात, खोटा एक शबुद न्हाय. पन घरात सोला मानसं एकदम ताटावर बसली का पोरगी कशी वागंल, ते त्याच्यात लिवलाय काय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तो तक्ता चिपवाल्यांनी एकटी पिन घेऊन काढलेला असतो. पुढे ठरलेला रोध आणि मागे भक्कम, न हलणारा वीजपुरवठा. आमच्या बोर्डावर आकडा स्क्रीनकडे नेणाऱ्या तारांच्या सोळा पिना एकदम खाली, म्हणजे शून्य व्होल्टेजवर, येतात. तेव्हा सगळ्यांचा करंट एकाच वाटेनं ग्राउंडकडे धावतो आणि चिपच्या आतलं ग्राउंडच क्षणभर वर उचललं जातं. आमच्या मॉडेलच्या फाइलमध्ये ग्राउंड हलतं ही गोष्टच नव्हती. त्यात शून्य म्हणजे कायमचं शून्य. नंतर मी हट्टानं सोळाही तारा एकदम चालवून बघितल्या, तरी ग्राफ तस्साच गुळगुळीत आला. नवीन पद्धतीच्या मॉडेलमध्ये ही माहिती भरायला जागा असते, पण आम्हाला मिळालेली फाइल जुनी होती. मी चिपवाल्यांना मेल केला. त्यांचं उत्तर आलं की या चिपसाठी एवढंच उपलब्ध आहे. मी बाईंना ते उत्तर दाखवलं तर म्हणाल्या, "मंग त्या ग्राफाखाली तसा लिव." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाक्य काढायला लावलं. ग्राहक उगाच घाबरतो म्हणे.

साहेब म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख. त्यांचं नाव मी घेणार नाही. त्यांना तेवढीही किंमत द्यायची माझी इच्छा नाही.

मग यार्डातून, म्हणजे कंटेनर ठेवतात त्या आवारातून, बोर्ड परत यायला लागले. तक्रार एकच, स्क्रीनवरचा आकडा अडकतो. बंद करून चालू केला की ठीक. आमच्याकडे आल्यावर तर ठणठणीत चालायचे. आता आमच्या ह्या किनाऱ्यावर एक सोय आहे. पंखा गंजला, खारी हवा. गाडीचा दरवाजा कुजला, खारी हवा. उद्या एखाद्याचं लग्न मोडलं तरी लोक खाऱ्या हवेवर ढकलतील. साहेबांनी तेच केलं. बोर्डांना वार्निशचा एक थर होता, तो दोन केला. तक्रारी थांबल्या नाहीत. मग तीन केला.

एका मीटिंगमध्ये साहेब तेच पालुपद लावून बसले होते. बाई उठल्या, परत आलेला एक बोर्ड त्याच्या पत्र्याच्या डब्यासकट टेबलावर ठेवला. डब्याच्या बाहेरच्या पत्र्यावर बोट फिरवून जिभेला लावलं. "खारट." मग स्क्रू काढले, झाकण उघडलं, आतला बोर्ड बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर सरळ जिभेला लावला. साहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अलनी," बाई म्हणाल्या. "रबराची पट्टी हाय झाकनाला, आत मीठ गेलाच न्हाय. मिठागरात वाढलेली बाय हाय मी. मला मीठ शिकवता?"

कुणीतरी खुसखुसलं. साहेब लाल झाले. "भोईरबाई, ही काय टेस्टिंगची पद्धत झाली?"

"तुमी तीन वेला वार्निश मारलात, ती कंची पद्धत?"

असं आहे, ह्या बाईंच्या ह्या गोष्टी आता लोक चवीनं सांगतात. बोर्ड चाटला, मेलवर भाकरी ठेवली. हसतात. अरे, पण ती बाई सांगत काय होती ते कुणी ऐकलंत? मीसुद्धा त्या दिवशी हसणाऱ्यांतच होतो.

त्यानंतर हरेश कडूचं प्रकरण झालं. हरेश यार्डातला रीफर बघणारा, कंत्राटी माणूस. चाळिशीचा. दर काही तासांनी प्रत्येक कंटेनरपाशी जायचं, स्क्रीनवरचा आकडा बघायचा, तक्त्यात लिहायचा. एका कंटेनरमधली द्राक्षं सगळी खराब निघाली. आतलं तापमान कधीच चढलेलं होतं आणि हरेशच्या तक्त्यात ओळीनं ‘उणे शून्य पूर्णांक एक’ लिहिलेलं. यार्डवाले म्हणाले, हा जागेवर गेलाच नाही, बसल्या जागी आकडे मारले. हरेश म्हणाला, मी गेलो, स्क्रीनवर जे होतं तेच लिहिलं. कोण ऐकतो? त्याचा गेटपास रद्द केला. बंदरात गेटपास गेला म्हणजे सगळंच गेलं. त्या कारणानं पास गेलेल्या माणसाला दुसरं यार्डही दारात उभं करत नाही. शिवाय गावात नाव झालं, कामचोर.

चौकशी लागली. यार्डानं आमच्या कंपनीला लेखी विचारलं, तुमच्या बोर्डावर आकडा अडकू शकतो का?

बाईंनी हे ऐकलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी हरेशच्या घरी गेल्या. ओळख ना पाळख. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं दार उघडायच्या आधीच येऊन उभ्या होत्या.

"मी त्याला एकच इचारलं. आकडा कंच्या कंटेनरात अडाकतो? तो काय बोलला ठाऊक हाय? द्राक्षांच्या. कोलंबीच्या कंटेनरात कवाच न्हाय. आता तू सांग, कोलंबीला खारी हवा लागत न्हाय काय?"

कोळंबी ठेवतात उणे अठराच्या आसपास. द्राक्षं ठेवतात शून्याच्या काठावर. आमचा बोर्ड ऋण आकडे ज्या पद्धतीनं लिहितो, तीत ‘उणे शून्य पूर्णांक एक’ म्हणजे सोळाही तारा वर आणि ‘शून्य’ म्हणजे सोळाही तारा खाली. द्राक्षांचा आकडा सारखा या दोघांमध्ये झुलणार. म्हणजे सोळा तारा एकदम खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. कोळंबीच्या वाट्याला ते कधी येतच नाही.

बाईंनी स्प्रिंगवाला प्रोब सतराव्या तारेवर ठेवला. स्क्रीनला ‘नवा आकडा घे’ सांगणारी तार ती. सोळा तारा पडताना तिनं गप्प बसायला हवं. मी बोर्डाला शून्याच्या काठावर झुलवत ठेवलं. आणि ती गप्प तार टणकन वर उडाली! मग बऱ्याच वेळानं आणखी एक उडी, त्याहून उंच, आणि त्या खोट्या हुकमानं गोंधळून स्क्रीन जुन्याच आकड्यावर अडकली. उणे शून्य पूर्णांक एक. बाईंनी फोटो काढला, स्कोपचा आणि स्क्रीनचा, आणि मग खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडल्या असतील तर मला दिसलं नाही.

तो फोटो घेऊन आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी फोटो बघितला, मग माझा जुना ग्राफ उघडला. "चिपवाल्यांच्या मॉडेलनं काढलेला ग्राफ हा. एवढी मोठी कंपनी चूक आणि आपला स्कोप बरोबर?"

"मॉडेल चूक न्हाय," बाई म्हणाल्या. "त्याला जेवढं ठाऊक हाय तेवढं तो बोलतो. ह्ये त्याला ठाऊक न्हाय. तुमाला आता ठाऊक झालाय."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. चार दिवसांनी अहवाल तयार होऊन आला. ‘सिम्युलेशनमध्ये असा कोणताही दोष आढळत नाही. संभाव्य कारण, खारी हवा व देखभालीतील हलगर्जीपणा.’ सोबत माझा ग्राफ. खाली दोन सह्यांच्या जागा, टेस्टिंग आणि सिम्युलेशन. बाईंनी पेन उचललं, आपल्या जागेवर आडवी रेघ मारली आणि निघून गेल्या. साहेबांनी तो कागद बाजूला केला, नवा काढला, त्यात सहीची जागा एकच ठेवली. माझी. म्हणाले, "तू तरुण आहेस. कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात आहे ना?"

मी सही केली. दुसऱ्यांना खोटारडे म्हणताना हे सांगितलं पाहिजे.

चौकशी यार्डाच्या ऑफिसात होती, दुपारची. कंपनीतर्फे साहेब आणि मी. पलीकडे हरेश एकटा, इस्त्रीचा शर्ट घालून. सुरू होतंय तोच भोईरबाई आत आल्या. रजा टाकून आल्या होत्या. हातात बाजारची कापडी पिशवी, तीत आमचा एक बोर्ड स्क्रीनसकट, तापमान मोजायची सुई, बॅटरी आणि छोटा स्कोप. कंपनीच्या बाजूला खुर्ची रिकामी होती. तिकडे त्यांनी बघितलंही नाही. हरेशच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मला दहा मिन्टं द्या," त्यांनी चौकशी अधिकाऱ्याला सांगितलं, "आनि कँटीनमधून बर्फाचा गलास मागवा. आनि एक चहा. गरम."

अधिकारी बरा माणूस वाटला, त्यानं मागवलं. बाईंनी तापमानाची सुई बर्फाच्या पाण्यात ठेवली. स्क्रीनवर आकडा झुलायला लागला, शून्य, उणे शून्य पूर्णांक एक, शून्य. थोड्या वेळानं सुई काढून चहात बुडवली. आकडा भराभर चढला. साहेब हसले. बाईंनी सुई पुसली, पुन्हा बर्फात. पुन्हा चहा. पुन्हा आकडा चढला. एक कारकून घड्याळ बघायला लागला. हरेशच्या कपाळावर घाम, पंखा चालू असून. बाई उभ्याच होत्या. "थांबा," म्हणाल्या, "रोज अडाकत न्हाय म्हनून तर ह्यो बिचारा फसला." तिसऱ्या खेपेला सुई बर्फात बराच वेळ राहिली. मग त्यांनी ती चहात घातली.

उणे शून्य पूर्णांक एक.

चहातून वाफ निघत होती. बाईंनी पेला उचलून अधिकाऱ्यासमोर ठेवला, सुई आत, आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. आकडा हलला नाही. हरेश खुर्चीवरून अर्धवट उठला.

मग साहेबांनी घसा साफ केला. हा बोर्ड परत आलेला आहे, दुरुस्तीतला, बाईंनी काय काय केलंय कोण जाणे, शिवाय त्या इथे कंपनीतर्फे नाहीत, हे त्यांचं वैयक्तिक मत. अधिकाऱ्यानं अहवाल उलटला, सही बघितली आणि माझ्याकडे वळला. "ही सही तुमची? तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही सांगा, असं होऊ शकतं का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांची खात्री होती की मी सांगणार. लॅबमध्ये मी त्यांच्या शेजारी उभा होतो, माझ्या हातांनी मी तो बोर्ड झुलवला होता.

मी म्हणालो, "सर, सिम्युलेशनमध्ये तसं दिसत नाही."

वाक्य खरं होतं. अगदी अक्षर न् अक्षर खरं. आणि त्या वाक्यानं हरेशचा गेटपास कायमचा गेला. निकालात ‘उत्पादकाच्या तज्ज्ञाचा अभिप्राय’ म्हणून तेच वाक्य छापलं. वर्षभरात आमचा नवीन बोर्ड निघाला, सोळा तारा एकदम न पडता एकामागून एक पडणाऱ्या. जाहिरातीत लिहिलं, ‘सुधारित विश्वासार्हता.’ जुना अहवाल कुणी मागे घेतला नाही. मला कन्फर्मेशन मिळालं, पुढे बढतीही मिळाली. हरेश आता कुणाचा तरी टेम्पो चालवतो असं ऐकतो. आणि हे लोक ग्रुपवर हात जोडतात. माझं तर काय सांगू, मीही जोडले, आपटलेला फोन उचलून, कारण नाही जोडले तर दिसलं असतं.

त्या चौकशीनंतर बाई कंपनीत आल्याच नाहीत, राजीनामा पोस्टानं पाठवला. म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दुपारी, यार्डाच्या गेटबाहेर. ट्रेलर एकामागून एक जात होते, धूळ नाकातोंडात. हरेशनं स्कूटर काढली होती. बाई पिशवीतला स्कोप टॉवेलात गुंडाळत होत्या, नीट, कोपरे दाबून. साहेब गाडीकडे गेले तसा मी धावत बाईंपाशी गेलो.

"मॅडम, मला माफ करा. माझं चुकलं."

त्यांनी मान वर केली नाही. टॉवेलाची गाठ मारली. मग म्हणाल्या, "मला काय सांगतंस? माजा काय गेला? त्याला सांग."

हरेश दोन हातांवर होता. त्यानं ऐकलं होतं. स्कूटर धरून तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी नाही, काही नाही, नुसता थांबला होता, मी काय बोलतो ते ऐकायला. मी तोंड उघडलं. मागे साहेबांनी गाडीचा हॉर्न वाजवला.

"येतो," मी म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

काचेतून दिसलं, बाई पिशवी मांडीवर घेऊन हरेशच्या मागे बसल्या. तो मात्र स्कूटर सुरू करत नव्हता. अजून आमच्या गाडीकडेच बघत होता. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी बोलल्या, तेव्हा कुठे त्यानं किक मारली.